जुलाब झाले की प्रत्येक बाळाची शी लॅबला पाठवावी का?

रानफूल: माझा मुलगा सव्वा वर्षाचा. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस पाण्यासारखे जुलाब झाले. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि थेट अँटिबायोटिक लिहून दिलं. "कोणता जंतू आहे?" विचारलं, तर म्हणाले, "ते कळून काय करणार?" मुलगा बरा झाला, पण ते उत्तर अजून खुपतं. पीसीआरने, म्हणजे जंतूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीने, एकाच नमुन्यात वीसेक जंतू शोधता येतात. मग पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची तपासणी का नको?

सूक्ष्मदर्शी: ताई, तळमळ पटते, मागणी पटत नाही. मी बारा वर्षं मायक्रोबायोलॉजीत आहे. जंतू सापडला म्हणजे जुलाब त्याच्यामुळेच झाले असं होत नाही. आफ्रिका आणि दक्षिण आशियात सात ठिकाणी 'जेम्स' अभ्यास झाला, त्यात कोलकाताही होतं. २०१३ साली आलेले आकडे बघा: जुलाब झालेल्या ८३ टक्के मुलांत काही ना काही जंतू सापडला, आणि जुलाब नसलेल्या ७२ टक्के मुलांतही!

कोकणी आई: म्हणजे तपासायचं नाही आणि औषध मात्र अंदाजाने द्यायचं? आमच्याकडे मेडिकलवालाच चिठ्ठीशिवाय सिरप काढून देतो. विषाणू आहे असा कागद हातात असेल, तर आई ठामपणे 'नको' म्हणेल.

सूक्ष्मदर्शी: 'नको' म्हणायला कागद लागत नाही. शीत रक्त नाही, कॉलराची शंका नाही, तर ओआरएस आणि झिंक. भारतासह सात देशांत आठ हजारांवर मुलांना पाण्यासारख्या जुलाबात अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं. मृत्यू ठोसपणे कमी झाले नाहीत.

आणि नमुना येतो कसा, तेही सांगते. डायपरमधून खरवडलेला, दोन तास रिक्षात तापलेला. शिगेला, म्हणजे आव-रक्त करणारा जंतू, नाजूक; नमुना टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात नसेल तर वाटेतच मरतो. जंतू वाढवायच्या मॅकाँकी प्लेटवर ई. कोलाय जंतूचे गुलाबी ठिपके उगवतात. त्यातला रोग करणारा कोणता आणि आतड्यात नेहमी राहणारा कोणता, हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही.

वरवंटा: मॅडम, कल्चरची, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघण्याची, ही मर्यादा तुम्हीच सांगताय, मग तपासणी सुधारा म्हणा ना! जेम्सचेच नमुने पुन्हा पीसीआरने तपासले, जंतू आहे-नाही एवढंच न बघता किती आहे तेही मोजलं. २०१६ साली निकाल आला: शिगेलाचा वाटा आधीच्या जवळपास दुप्पट. रोटाव्हायरस किती मुलांना आजारी पाडतो हे नमुने तपासूनच कळलं, म्हणून लस आली. महाराष्ट्रात ती २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे. प्रत्येक मूल नको, पण ठरावीक रुग्णालयांत वर्षभर नमुने घेतलेच पाहिजेत.

सूक्ष्मदर्शी: त्याला माझी ना नाही. एकेका बाळाच्या उपचाराचा प्रश्न वेगळा, एवढंच म्हणते.

रानफूल: ठीक, 'प्रत्येक मूल' हा हट्ट सोडते. पण रक्त पडलं तर? माझ्या भाचीला आव-रक्त होतं. तीन दिवस अँटिबायोटिक पोटात गेल्यावर नमुना मागितला. रिपोर्ट: 'काही वाढलं नाही.' तोवर तिचे डोळे खोल गेले होते.

सूक्ष्मदर्शी: इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. रक्त दिसलं तर रिपोर्टसाठी औषध अडवू नये, पण पहिल्या डोसाआधी नमुना घ्यायलाच हवा. तिच्या बाबतीत हे चुकलंच.

कोकणी आई: आमच्या तालुक्याला कल्चर होतच नाही. पहिल्या डोसाआधी घेतलेला नमुना मी नेऊ कुठे?