चुनखडकातलं पाणी: नाल्यात रंग सोडण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात भूशास्त्रात एम.एस्सी. करतोय, गाव कोरपना तालुक्यातलं. वर्गात आमचा सगळा भर बेसाल्टवर, आणि ते साहजिकच आहे, राज्याचा चार-पंचमांश भाग त्यानेच व्यापलाय. पण आमच्या गावाखाली चुनखडक आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, भेगांमधला खडक विरघळवत जातं आणि आत अक्षरशः नळ्या तयार होतात.

मागच्या पावसाळ्यात रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी आजीनं विहिरीतून बादली काढली तर पाणी मातकट, आणि वर पराटीच्या (कपाशीच्या) पानाचे तुकडे. विहीर पक्की बांधलेली, वर जाळी. शेताच्या वरच्या अंगाला नाल्यात एक भोक आहे, पाणी गुरगुरत आत जातं. फवारणीचे पंप तिथंच धुतात! मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं म्हणतात, पण नळीतून कसलं गाळणं? मला हीच काळजी आहे.

ग्रामपंचायत तिसरी बोअर मारायच्या विचारात आहे. पहिली कोरडी गेली, पंधरा पावलांवरच्या दुसरीला भरपूर पाणी.

१८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदी जिथं जमिनीत गडप होते तिथं फ्लुरोसीन हा चमकणारा रंग सोडला होता, तो सुमारे १२ किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यात हिरवा होऊन निघाला. आमच्याकडे असं करता येईल का? किती टाकायचं? लोक हेच पाणी पितात. आणि पंपिंग टेस्टच्या (बोअरमधून पाणी उपसत पातळी किती उतरते ते मोजतात, त्या चाचणीच्या) आकड्यांवर इथं कितपत विसंबायचं?

---

प्रतिसाद:

रंग सर्वात शेवटी. आधी विहिरीत तापमान आणि विद्युतवाहकता मोजा, पाऊस पडताच दर तासाला. विरघळलेले क्षार जितके कमी तितकी वाहकता कमी, म्हणून ती झपकन खाली आली तर पावसाचं ताजं पाणी थेट पोचतंय. बऱ्याच सरकारी निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून मोजक्याच वेळा घेतात, त्यात हे सापडणार नाही. पंपिंग टेस्टचं गणित सगळीकडे सारखा खडक धरून चालतं, तिचा आकडा त्या बोअरपुरताच माना.

रंगाचं प्रमाण गाईडना विचारल्याशिवाय ठरवू नका, गावाला आधी सांगा. विहिरीत सक्रिय कोळशाच्या पुरचुंड्या टांगा, रंग त्यात धरला जातो. रंग सोडण्याआधीची एक पुरचुंडीही तपासा, साबणाचं पाणीही चमकतं.

पण पंप धुणं आजच थांबवा, त्याला चाचणीची वाट कशाला पाहायची?