नेट नसेल तर कॉम्प्युटरचा तास फळ्यावर घ्यायचा का?

फळाखडू
2018 मध्ये घानातल्या एका मास्तरांचे फोटो जगभर फिरले होते, आठवतात का? रिचर्ड अप्पिया अकोटो, अशांती नावाच्या भागातल्या एका सरकारी शाळेत शिकवायचे. शाळेत 2011 पासून एकही कॉम्प्युटर नाही पण पोरांना परीक्षेत आयसीटीचा (माहिती-तंत्रज्ञानाचा) पेपर द्यायचाच, म्हणून या माणसाने रंगीत खडूंनी फळ्यावर वर्डची अख्खी विंडो काढली, मेनू, टूलबार, सगळं. तेव्हा बरेच जण हळहळले. मला मात्र वाटतं त्यांनी केलं तेच योग्य होतं आणि आपणही उघडपणे तसंच करायला हवं.

आपल्याकडे कॉम्प्युटरची जी ट्रेनिंगं होतात त्यात पहिली सूचना ठरलेली, ब्राउझर उघडा, अमुक साईटवर जा, लॉगिन करा. इथे नंदुरबारच्या धडगाव पट्ट्यात लाईट असली तर रेंज नाही, रेंज आली तर एका मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अख्खी लॅब चालत नाही, मग तो तास गणिताला जातो. वेळापत्रकात कॉम्प्युटर आणि वहीत अपूर्णांक.

त्यापेक्षा न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात बिनकॉम्प्युटरचे खेळ बसवले ते घ्या, सीएस अनप्लग्ड. पाच पोरं रांगेत, हातात 16, 8, 4, 2, 1 टिंबांची पुठ्ठ्याची कार्डं. 21 म्हटलं की 16, 4 आणि 1 वाले कार्ड समोर धरतात, बाकीचे उलटं. समोरचं कार्ड 1, उलटं 0, वर्गाने 10101 वाचायचं. परवा 31 झाल्यावर सहावीतली एक मुलगी म्हणाली, सर आता 32 ला अजून एक जण लागेल. बायनरी (0 आणि 1 ची आकडेपद्धत) याहून वेगळी काय शिकवायची असते?

उंबरठा
नाही पटलं. मी पॉलिटेक्निकला फर्स्ट इयरला शिकवते, आणि अशा शाळांतून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात. सीपीयूचे भाग तोंडपाठ, पण माऊसवर हात ठेवायला घाबरतात, डबल क्लिक जमत नाही म्हणून शेजारच्याकडे बघतात.

फळा एरर देत नाही हो, मुख्य अडचण तीच आहे. एक्सेलमध्ये बेरजेचं सूत्र लिहिताना बरोबरचं चिन्ह (=) विसरलं की सेलमध्ये उत्तराऐवजी नुसतं तेच लिहिलेलं दिसतं, मुलगी गोंधळते, परत बघते, सापडतं, आणि मग जन्मात विसरत नाही. फळ्यावर चूक मास्तरच सांगणार. आणि त्या घानाच्या गोष्टीचा पुढचा भाग का सोडलात? फोटो फिरल्यावर एनआयआयटीच्या तिथल्या शाखेने 5 कॉम्प्युटर दिले. गरज मशीनचीच होती. आपण फळ्यावर भागवतोय हे एकदा दिसलं की वरच्यांना नेटची लाईन टाकायची घाईच उरत नाही, आणि पुण्यामुंबईच्या मुलाला खरं आणि आदिवासी मुलाला चित्र, हे मला अजिबात मान्य नाही.

पेनड्राईव्ह
तुम्ही दोघं नेट आणि मशीन एकच धरून चाललाय. बऱ्याच शाळांत मशीन आहेत, धूळ खात का असेना, नाही ते फक्त नेट. मग धडा त्या हिशोबाने बदला ना. स्क्रॅचची (रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) ऑफलाईन आवृत्ती मिळते, पेनड्राईव्हवर नेऊन टाकायची. नवीन 3 ला विंडोज 10 लागतं, पण जुनं 1.4 विंडोज 7 च्या रडक्या मशीनवरही मस्त पळतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा इन्स्टॉल केली की आयडल (कोड लिहायची खिडकी) आणि टर्टल (कोडने चित्र काढायचं साधन) सोबतच येतात, नेट शून्य. कोलिब्री हे बिननेट शिकायचं सॉफ्टवेअर एका मशीनवर टाकलं की शाळेतल्या शाळेत वायफायवर बाकीच्यांना व्हिडिओ, सराव सगळं मिळतं, कंटेंट एकदा शहरातून भरून आणायचा.

मात्र घरी बसून पूर्वतयारी करावी लागते, ते कुणी सांगत नाही. 1.4 मध्ये स्वतःचा ब्लॉक बनवता येत नाही, 3 ची फाईल त्यात उघडत नाही, पुस्तकातला स्क्रीनशॉट आणि पोरांसमोरचा स्क्रीन वेगळा दिसतो. म्हणजे कुठला धडा त्या मशीनवर होणार नाही हे आधी करून बघायचं आणि तो सरळ गाळायचा. वर्गात चाळीस पोरांसमोर शोधत बसलात तर तास गेलाच.

(अवांतर: ओएलपीसी म्हणजे 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', दर मुलामागे एक लॅपटॉप द्यायचा प्रकल्प, त्याचे छोटे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा 2007 मध्ये आपल्याच कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत आले होते, कुणी तिथलं असेल तर लिहा.)

फळाखडू
@उंबरठा ताई, मशीन नको असं मी म्हटलेलंच नाही. पण मशीन आलं की शिकणं आपोआप होतं हेही खरं नाही. ओएलपीसीचंच घ्या, पेरूमध्ये 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, 2012 मध्ये निष्कर्ष आले, गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. लॅपटॉप होते, पण त्यावर काय आणि कसं शिकवायचं हे मास्तरांना कुणी नीट दिलं नव्हतं. म्हणून म्हणतो धडा आधी, तोही नेट नाही हे धरूनच लिहिलेला, नेट आलं तर वरचा बोनस.

आणि लाईन येईपर्यंत सहावीतली मुलगी थांबत नाही, ती सातवीत जाते.

उंबरठा
पेरूच्या त्याच अभ्यासात मुलांचं कॉम्प्युटर हाताळणं सुधारलं होतं, तेही लिहा, मी तेवढंच तर मागतेय. कार्डांचा खेळ चांगला आहे, मीही वर्गात घेईन, पण तो कॉम्प्युटरचा तास भरला म्हणून रजिस्टरला लावू नका. तिथे "मशीन बंद, नेट नाही" असंच लिहा, दर आठवड्याला, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. कागदावर तक्रारच नसेल तर मागणी कशाच्या जोरावर करणार?

फळाखडू
रजिस्टरचं मान्य. तास मात्र सोडणार नाही, दोन्ही लिहीन, नेट नव्हतं आणि त्या तासाला काय शिकवलं तेही. @पेनड्राईव्ह, 1.4 वर जे धडे होतात त्यांची यादी इथे टाकाल का? आमच्याकडे विंडोज 7 ची चार मशीन सुरू होतील असं वाटतंय.