मदत हवी आहे : बॅटरीच्या उजेडाने काढलेले चित्र काढता काढताच मोबाइलवर आणि पडद्यावर दिसावे, यासाठी

नमस्कार मंडळी,

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात एका खेड्यातील शाळेत मी विज्ञान शिकवतो. भाऊबीजेपासून आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते. दिवसा दंडार (लोकनाट्य) आणि बाजार, रात्री नाटक, असा तिचा क्रम असतो. यंदा नाटकाआधीचा थोडा वेळ मंडळाने शाळेच्या मुलांना दिला आहे. त्या वेळेत मुलांनी अंधारात बॅटरीच्या उजेडाने हवेत काढलेली अक्षरे आणि चित्रे गावकऱ्यांना पडद्यावर दाखवावीत, असे ठरले आहे. मात्र पूर्ण झालेला फोटो नंतर दाखवायचा नाही. रेघ जशी ओढली जाईल तशी ती पडद्यावर उमटत गेली पाहिजे. हे जुन्या अँड्रॉइड फोनवर कसे साधावे, यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

या छायाचित्रणात काळोखात शटर बराच वेळ उघडे ठेवतात आणि हलणाऱ्या दिव्याची वाट सेन्सरवर साठत जाते. ग्योन मिली या छायाचित्रकाराने १९४९ साली पिकासोकडून अशी रेखाटने करून घेतली होती आणि ती छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. हात फिरत असताना पिकासोला स्वतःची रेघ दिसत नव्हती. मुरलेल्या चित्रकाराचा हात न दिसणारी रेघही लक्षात ठेवू शकतो; सहावीतल्या मुलाकडून ती अपेक्षा करणे योग्य नाही. त्यातही देवनागरी लिहायची म्हणजे प्रत्येक अक्षरानंतर तळहाताने उजेड झाकायचा, हात पुढे न्यायचा, पुन्हा उजेड उघडायचा आणि शेवटी सगळ्या अक्षरांच्या माथ्यावरून एक सरळ शिरोरेघ ओढायची. आधी काढलेले काहीच दिसत नसेल तर मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि शिरोरेघ अक्षरांच्या पोटातून जाते. म्हणून चित्र घडताना दिसणे ही माझ्या दृष्टीने शोभेची सोय नाही. प्रेक्षकांच्याही आधी ते काढणाऱ्या मुलाला दिसले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अशी सोय कॅमेऱ्यांमध्ये पूर्वीच आलेली आहे. ऑलिंपसने २०१४ च्या ई-एम१० या कॅमेऱ्यात ‘लाइव्ह कंपोझिट’ दिले आणि ह्युआवेच्या २०१५ मधील पी८ या फोनमध्ये ‘लाइट पेंटिंग’ नावाचा प्रकार होता, ज्यात पडद्यावर रेषा वाढत जाताना दिसत. शाळेकडे यांपैकी काही नाही आणि घेण्याची ऐपतही नाही. अँड्रॉइडसाठी ॲप लिहिण्याचा थोडा सराव असल्यामुळे मी स्वतःच एक साधे ॲप तयार केले आहे.

त्याची रीत अशी. एकच लांब एक्स्पोजर (सेन्सरवर उजेड पडू देण्याचा काळ) घेण्याऐवजी सेकंदाला ३० फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येक पिक्सेलसाठी आतापर्यंतची सर्वांत उजळ किंमत राखून ठेवायची. नवी फ्रेम आली की जुन्या आणि नव्यातील मोठी किंमत टिकते, लहान गळून पडते. ओपनजीएल ईएस ३.० या फोनवरील ग्राफिक्स प्रणालीमध्ये ‘मॅक्स’ हा मिश्रणाचा प्रकार मुळातच असल्याने हे काम ग्राफिक्स प्रोसेसरवर सहज होते. फ्रेमची बेरीज करण्याचा पर्यायही मी विचारात घेतला होता, कारण खऱ्या लांब एक्स्पोजरमध्ये बेरीजच होत असते. परंतु पार्श्वभूमीची किंमत प्रत्येक फ्रेममध्ये केवळ २ असली तरी २० सेकंदांच्या ६०० फ्रेममध्ये ती १२०० होते आणि ८ बिटांची मर्यादा तर २५५ आहे. कमाल किमतीच्या रीतीत तीच पार्श्वभूमी २ वरच राहायला हवी.

सुरुवातीला रेघ तुटक येत होती. एक्स्पोजर १/६० सेकंद आणि फ्रेमचा काळ १/३० सेकंद असेल तर निम्मा वेळ सेन्सर काही नोंदवतच नाही, हे त्याचे कारण. कॅमेरा२ या अँड्रॉइडमधील कॅमेरा हाताळण्याच्या प्रणालीमधून स्वयंचलित एक्स्पोजर बंद करून ते ३,३३,३३,३३३ नॅनोसेकंद, म्हणजे जवळजवळ पूर्ण फ्रेमभर ठेवल्यावर रेघ सलग झाली. फोकस आणि व्हाइट बॅलन्सही आता स्थिर ठेवले आहेत. उरलेल्या अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली अडचण अशी की पार्श्वभूमी २ वर राहत नाही. अर्धा मिनिट गेल्यावर काळे आकाश करडे आणि ठिपक्याठिपक्यांचे होत जाते, आणि वेळ वाढेल तसे ते अधिकच बिघडते. दुसरी अडचण उशिराची आहे. फोनवरचे चित्र वायफायने लॅपटॉपवर आणि तेथून प्रोजेक्टरवर नेले तर हात आणि रेघ यांच्यात इतके अंतर पडते की मूल गोंधळते. तिसरी, पडदा मुलाला दिसेल असा कॅमेऱ्याच्या मागे लावला की पडद्याचाच उजेड मुलाच्या अंगावर पडतो आणि मूल पुसट भुतासारखे चित्रात उमटू लागते. चौथी, कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलेली अक्षरे उलटी दिसतात. मुलाला एक आणि प्रेक्षकांना दुसरे असे दोन पडदे लावावे लागतील काय? आणि शेवटचे म्हणजे फोन तापतो, फ्रेमचा वेग घसरतो आणि रेघ पुन्हा तुटू लागते.

गावात नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे इंटरनेट लागणार नाही असाच उपाय हवा आहे. ज्यांनी असे काही केले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

सर, उपक्रम फार आवडला. पहिल्या अडचणीचे मूळ तुमच्या रीतीतच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सेन्सरच्या प्रत्येक किमतीत थोडा नॉइज, म्हणजे आपोआप होणारा चढउतार, असतो; कधी ती खऱ्या किमतीपेक्षा वर जाते, कधी खाली. सरासरी काढली तर वरखाली एकमेकांना छेदतात, परंतु कमाल किंमत राखताना फक्त वर गेलेल्या किमती टिकतात. नॉइज नेहमीच्या घंटाकार वाटणीचा धरला तर १००० फ्रेमची कमाल किंमत सरासरीपेक्षा सुमारे ३.२ प्रमाण विचलनांनी (प्रमाण विचलन म्हणजे किमती सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) वर असते, आणि १००० फ्रेम म्हणजे तुमचा जेमतेम ३३ सेकंदांचा वेळ. आकाश करडे होते ते यामुळे.

यावर उपाय असा की मुलाने बॅटरी लावण्यापूर्वी ६४ फ्रेमची सरासरी काढून एक मूळ चित्र तयार करावे. सरासरीमुळे त्यातील नॉइज आठव्या भागावर येतो. त्यानंतर येणाऱ्या फ्रेममधील पिक्सेल मूळ चित्रापेक्षा ठरावीक मर्यादेहून अधिक उजळ असेल तरच तो स्वीकारावा, अन्यथा मूळ चित्रच ठेवावे. मर्यादा किती असावी, हे मोजून ठरवता येते. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. मर्यादा ४ प्रमाण विचलनांची ठेवली तर दर फ्रेमला सुमारे ६६ पिक्सेल विनाकारण ओलांडून येतात आणि १००० फ्रेममध्ये साधारण ३ टक्के चित्र ठिपक्यांनी भरते. तीच मर्यादा ५ वर नेली तर १००० फ्रेममध्ये मिळून ६०० च्या आसपासच चुकार पिक्सेल राहतात, जे प्रोजेक्टरवर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. फोन आतल्या आत नॉइज पुसण्याची प्रक्रिया करत असल्याने प्रत्यक्ष आकडे थोडे बदलतील, परंतु ४ आणि ५ मधला फरक एवढा मोठा आहे हे ध्यानात ठेवावे. मर्यादेपाशी एकदम ‘हो’ किंवा ‘नाही’ असे न करता थोड्या पट्ट्यात हळूहळू मिसळले, तर रेघेच्या कडा कापल्यासारख्या दिसणार नाहीत.

आयएसओही (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) शक्य तितका खाली आणावा. बॅटरीचा झोत थेट कॅमेऱ्याकडे असेल तर आयएसओ १०० वरही रेघ पुरेशी उजळ येते. बॅटरीच्या तोंडावर पातळ पांढरा कागद लावल्यास रेघ जाड आणि सारखी होते आणि त्यावर नाटकवाल्यांकडचा रंगीत जिलेटीन कागद लावला तर रंगही मिळतात. या दोन्हींनी उजेड थोडा घटतो, एवढे धरून चालावे.

दुसरा प्रतिसाद

चौथ्या अडचणीचे उत्तर सोपे आहे आणि दोन पडदे लागणार नाहीत. चित्र ॲपमध्येच आडवे उलटवावे. मूल कॅमेऱ्याकडे तोंड करून आपल्या नेहमीच्या सवयीने डावीकडून उजवीकडे लिहील. उलटवलेल्या चित्रात त्याचा हात उजवीकडे गेला की रेघही त्याच्या उजवीकडेच जाईल आणि त्याच पडद्याकडे पाहणाऱ्या प्रेक्षकांनाही अक्षरे सुलटी वाचता येतील. चौकटीत पाटी किंवा फलक मात्र येऊ देऊ नये, कारण तो उलटा दिसेल.

उशिराबाबत असे सांगावेसे वाटते की वायफाय सोडून द्यावे. मुलाचा हात सेकंदाला एक मीटर वेगाने फिरतो असे धरले, तर ०.३ सेकंदांच्या उशिरात तो ३० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. अर्धा मीटर उंचीच्या अक्षरासाठी हे अंतर फारच मोठे आहे. ‘एससीआरसीपीवाय’ हे मोफत सॉफ्टवेअर यूएसबी केबलवरून फोनचा पडदा लॅपटॉपवर आणते, त्याला इंटरनेट लागत नाही आणि त्याच्या कर्त्यांनी दिलेला उशीर ३५ ते ७० मिलिसेकंद आहे. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांचा उशीर त्यात मिळवावा लागेल, तरीही मुलाला हात थोडा संथ ठेवायला सांगितले की जमते. त्यातच फोनचा स्वतःचा पडदा बंद ठेवून काम चालू ठेवण्याची सोय आहे; तापण्यावर तिचा चांगला उपयोग होतो. शिवाय चित्र १२८० गुणिले ७२० वर आणावे, म्हणजे पिक्सेल निम्म्याहून कमी होतील.

पडद्याच्या उजेडाविषयी माझा अनुभव असा आहे की मुलाच्या मागे काळे कापड असावे, मुलाने गडद कपडे घालावेत आणि पडदा कॅमेऱ्याच्या अगदी मागे न लावता एका बाजूला, मुलापासून लांब असावा. मूळ चित्र घेताना पडदा चालूच ठेवावा, म्हणजे त्याचा उजेड आधीच त्यात धरला जाईल.

एक विनंती आहे. इंटरनेटवर जळत्या स्टील वूलच्या ठिणग्यांची चित्रे पुष्कळ दिसतात आणि मुले ती करून पाहू म्हणतील. मंडईच्या दिवसांत तुमच्याकडे वावरात धानाचे पुंजणे (कापलेल्या पिकाचे ढीग) रचलेले असतात आणि तणीस (पेंढा) वाळलेली असते. तो प्रकार करू देऊ नये. लेझरही नको, तो डोळ्यांना घातक आहे आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरलाही इजा करतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मूळ चित्र आणि मर्यादा यांची रीत ॲपमध्ये घातली. ५ प्रमाण विचलनांवर आकाश खरोखरच काळे राहते. ४ वर ठिपके लगेच दिसतात. चित्र उलटवल्यामुळे मुलांचा गोंधळ एकदम थांबला. एका मुलीने पडद्याकडे पाहत सगळी अक्षरे काढली आणि त्यांच्या माथ्यावरून शिरोरेघ सरळ नेली, ते पाहून फार समाधान वाटले.

पडद्याच्या उजेडाचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. मूळ चित्र घेताना पडदा जवळजवळ काळा असतो, परंतु चित्र भरत जाते तसा पडदा उजळत जातो आणि शेवटी मुलाचा चेहरा मर्यादा ओलांडतोच. मर्यादा वाढवली तर रंगीत कागद लावलेल्या बॅटऱ्यांच्या फिक्या रेघा गळतात. भाऊबीजेच्या सुमारास चंद्रकोर लवकर मावळते, त्यामुळे आकाशाचा त्रास नाही. त्रास आहे तो आमच्याच पडद्याचा.

दुसरा प्रतिसाद

सर, दोन उपाय सुचतात. प्रोजेक्टरवर जाणारे चित्र मंद करावे आणि जतन होणारे पूर्ण उजळ ठेवावे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना मंद रेघही स्वच्छ दिसते. दुसरा उपाय असा की मर्यादा सगळ्या चित्रासाठी एकच न ठेवता शिकवून ठरवावी. कार्यक्रमाआधी मुलाला त्याच्या जागी बॅटरी न लावता उभे करावे, प्रोजेक्टरवर पूर्ण पांढरा पडदा दाखवावा आणि तेव्हाच्या फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेल जास्तीत जास्त किती उजळतो ते नोंदवावे. ती नोंद त्या त्या जागेची मर्यादा म्हणून वापरावी. चेहऱ्याच्या जागी मर्यादा आपोआप उंच राहील, काळ्या कापडाच्या जागी खाली राहील आणि फिक्या रेघा तेथे टिकतील. मूल हलणार, म्हणून ती नोंद वापरण्यापूर्वी थोडी पसरवून घ्यावी.

धागाकर्ता

दुसरा उपाय आज रात्रीच करून पाहतो. आमच्या फोनची कॅमेरा२ पातळी (ॲपला कॅमेऱ्यावर किती ताबा मिळतो ती) ‘लिमिटेड’ असली तरी त्यात हाताने एक्स्पोजर ठरवण्याची मुभा आहे. शेजारच्या गावातील शाळेला हेच ॲप हवे आहे आणि त्यांच्या फोनची पातळी ‘लेगसी’ दाखवते. तेथे एक्स्पोजरचा काळ हाताने ठरवता येत नाही, केवळ लॉक करता येतो. अशा फोनवर मंद दिवा दाखवून एक्स्पोजर लांबवून मगच लॉक करण्याचा प्रयोग कोणी केला असल्यास कृपया लिहावे.