म्हातारे आणि पोरं समोरासमोर: गप्पांनी वयाचा पूर्वग्रह जातो का?

सांजवात
'एजिझम' हा शब्द १९६९ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी रूढ केला. वयावरून माणसाची लायकी ठरवून टाकणं, असा त्याचा साधा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात त्यावर तीन उपाय सांगितले: कायदे-धोरणं, शिक्षण आणि पिढ्यांमधला संपर्क. माझं मत असं, की तिसरा उपाय कुणालाही उद्यापासून सुरू करता येतो आणि दोन्ही बाजूंचा पूर्वग्रह एकाच वेळी सैल करतो. 'आजकालची पोरं' हाही वयाचाच शिक्का आहे.

अशा गप्पांच्या बैठकांचा आराखडा असा: ६५ च्या पुढचे आठ जण, १४ ते १७ वयाची आठ मुलं. एक ज्येष्ठ आणि एक मूल अशा जोड्या, दर वेळी त्याच, आठवड्याला एक अशा सहा बैठका, प्रत्येकी ७५ मिनिटं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. 'तुमच्या काळी कसं होतं?' हा प्रश्न बाद, कारण त्यावर एक जण बोलत सुटतो आणि दुसरा माना डोलावतो. त्याऐवजी 'लोक तुमच्याबद्दल काय गृहीत धरतात?' किंवा 'अलीकडे कशाबद्दल तुमचं मत बदललं?' असे प्रश्न घ्यावेत. त्यांत वयाचा फायदा कुणालाच मिळत नाही.

आडवाट
मला हे पटत नाही. अशा गप्पांना येतात कोण? ज्यांचं मन आधीच मोकळं आहे ते. आणि आलेल्याचंही मत बदलतं ते समोरच्या एका माणसापुरतं. 'या आजी वेगळ्या आहेत, बाकीचे म्हातारे तसलेच,' असा अपवाद काढून पूर्वग्रह शाबूत राहतो. डॉक्टर ऐंशी वर्षांच्या रुग्णाला सोडून त्याच्या मुलाशी बोलतो, ५५ नंतर नोकरीचा अर्ज वाचलाच जात नाही. हे गप्पांनी नाही, नियमांनी बदलतं.

सांजवात
नियम हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण रुग्णाला डावलून मुलाशी बोलायची सवय कायद्याने जात नाही, आणि आज सोळा वर्षांची मुलगी उद्या डॉक्टरच्या त्या खुर्चीत बसणार आहे. अपवादाचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणून चौथ्या बैठकीत जोड्या फोडून चौघाचौघांचे गट करावेत. एका आजोबांना कविता आवडते, दुसऱ्यांना अजिबात नाही, तिसरे दोघांशी भांडतात, हे दिसलं की 'म्हातारे म्हणजे असे' हे वाक्य पुरं करणं अवघड होतं.

हातोडी
दोघांनाही चूक म्हणतो. संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचा तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच चार अटी घातल्या: दर्जा समान, ध्येय एक, सहकार्य, आणि वरून संस्थेचा पाठिंबा. नुसत्या गप्पांत 'ध्येय एक' कुठे आहे? शिवाय कित्येक मुलांना समोरासमोर डोळ्यांत बघून बोलणं जड जातं. शेजारी बसून हात चालू असले की तोंडही चालतं. सायकल दुरुस्त करा, रोपं लावा.

आणि 'मुलं ज्येष्ठांना मोबाइल शिकवतील' हा सगळीकडे चालणारा कार्यक्रम आधी बंद करा. त्यात काय होतं? मुलगा 'द्या इकडे' म्हणून फोन ओढून घेतो, चार सेकंदांत बोटं फिरवतो, 'झालं बघा' म्हणून परत देतो. आजींना काहीच कळलेलं नसतं. मुलाच्या मनात 'यांना जमत नाही' पक्कं होतं आणि आजींच्या मनात 'आता या वयात काय शिकायचं'. शिकवायचंच असेल तर फोन मालकाच्याच हातात राहील, एवढा एक नियम ठेवा.

काटेकोर
समान दर्जाचं बोलताय, तर भाषेकडे बघा. मुलगा 'तुम्ही' म्हणतो, समोरून 'अरे, तू' येतं. म्हणजे पहिल्याच वाक्यात एक वर, एक खाली. अनोळखी बाईंना 'आजी' म्हटलं की त्यांच्यावर आजीची भूमिका आली: लाड करायचे, सल्ला द्यायचा. पहिल्या पाच मिनिटांत 'मी तुम्हाला काय म्हणू?' हे दोघांनी एकमेकांना विचारावं.

आणि ऐकण्याचं काय? वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. ओरडलं तर स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. लहान बाळाशी बोलल्यासारखा बारीक आवाज काढला तर आणखी वाईट. त्यातून 'सात की साठ' सुरू होतं आणि मुलांना वाटतं, यांना समजत नाही. एक मीटरवर समोर बसा, खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीशी नको, उजेड तोंडावर हवा. घुमणाऱ्या दालनात आठ जोड्या बसवल्या तर कुणालाच काही ऐकू येणार नाही, चारच बसवा.

आडवाट
ठीक आहे, बैठका नीट घेतल्या असं धरू. मग मोजणार कसं? शेवटच्या दिवशी सगळे भारावलेले असताना 'कसं वाटलं?' विचारलं, की उत्तर ठरलेलं. आणि एक वाईट भेट अनेक चांगल्या भेटींवर भारी पडते, हे विसरू नका.

सांजवात
मोजायचं तीनदा: पहिल्या बैठकीआधी, शेवटच्या नंतर, आणि तीन महिन्यांनी. प्रश्न जोडीदाराबद्दल नाही, 'म्हातारी माणसं' आणि 'आजची मुलं' यांच्याबद्दल. न आलेल्या आठ-आठ जणांनाही तेच प्रश्न. ज्येष्ठांना स्वतःच्या वयाबद्दलही विचारावं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बेका लेवी यांच्या २००२ च्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे साडेसात वर्षं जास्त जगले होते. वयाचा शिक्का माणूस स्वतःवरही मारतो.

वाईट भेटीसाठी: जोडी बदलायची मुभा दुसऱ्या बैठकीपर्यंत, कारण न विचारता. आणि हातोडी यांचं ऐकून तिसऱ्या बैठकीपासून टेबलावर काम ठेवते. पहिल्या दोन मात्र गप्पांच्याच राहतील. एकमेकांना हाक काय मारायची तेही ठरलं नसेल, तर सायकलचं चाक धरायचं कुणी हे वयच ठरवणार.

हातोडी
दोन नको, एक. दुसऱ्या बैठकीला पोरं येणार नाहीत.