विषय: स्मरणिकेतला मॉरिशसचा लेख

मंडळी, नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत मॉरिशसवर दोन पानं द्यायची असं बैठकीत ठरलं होतं. नानांचा मसुदा सोबत जोडलाय. मथळा त्यांनीच दिलाय, 'सातासमुद्रापारचा छोटा महाराष्ट्र'. कुणाला काही सुचवायचं असेल तर रविवारपर्यंत कळवा, सोमवारी छापखान्याकडे फाइल जाते. आणि 'सर्वांना उत्तर' दाबताना जरा बघून. मागच्या महिन्यात एकांचं गॅसचं बिल अख्ख्या यादीला वाचायला मिळालं.

चिटणीस

---

नाना, मसुदा वाचला. गंगा तलाव, समुद्रकिनारे, गणपती, सगळं झकास. पण त्या देशाचं पोट कशावर चालतं याची एक ओळ नाही. कामानिमित्त दोन वर्षं तिथे एबेनला, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या ऑफिसांच्या वस्तीत होतो, म्हणून लिहितोय.

१९६१ मध्ये जेम्स मीड नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने (यांना पुढे १९७७ चं नोबेल मिळालं) अहवाल दिला, त्याचा सूर असा की या बेटाचं काही खरं नाही. माणसं भराभर वाढतायत आणि पीक एकच, ऊस. तसं झालं नाही. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आला. कच्चा माल आणि यंत्रं बिनशुल्क आणा, कपडे शिवा, बाहेर पाठवा. यामागे एदुआर लिम फात हे चिनी वंशाचे प्राध्यापक. हाँगकाँगचे कापडवाले आले आणि कारखान्यांत बायका कामाला लागल्या. तिकडे १९७५ पासून युरोप ठरलेल्या कोट्याची साखर बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेत होता, तो पैसा गाठीशी होताच. ती सोय २००९ ला संपली. आता गिरण्या चिपाडावर वीजही करतात.

तिसरं पोट म्हणजे आमचं, कागदांचं. भारत-मॉरिशस कर कराराप्रमाणे शेअरविक्रीच्या नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशस तो कर लावतच नव्हता! त्यामुळे कित्येक वर्षं भारतातल्या परकीय गुंतवणुकीत पहिला नंबर या चिमुकल्या बेटाचा. माझ्या टेबलावरच्या निम्म्या फायलींना त्या बेटाशी काही देणंघेणं नव्हतं. पैसा कुठून तरी यायचा, आमच्या मजल्यावर दोन सह्या व्हायच्या आणि तो दलाल स्ट्रीटला जायचा. २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सना ती वाट बंद झाली.

एबेनवाला

---

एबेनवाले, स्मरणिका आहे, ताळेबंद नव्हे. दोन पानांत चिपाड कुठे घालू?

मला एवढंच कळू दे की तिथल्या सरकारात मराठी माणूस किती आहे. लोकांना ते वाचायला आवडतं. १८९३ ला टिळकांनी सार्वजनिक गणपती सुरू केला आणि तीनच वर्षांत तो तिथे पोचला, हे मी लिहिलंच आहे. मथळाही त्यावरूनच.

नाना

---

नमस्कार. मी क्वचित लिहिते. माझं मराठी मॉरिशसमधल्या मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकलेलं, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

नाना, तुमचं मन मोठं आहे, पण मथळा बदला. मी तिथल्या वाक्वा गावची. आमच्या घरात मराठी बोलत नसत. आम्ही क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून झालेल्या आमच्या बोलीत भांडतो, क्रिओलमध्ये हिशेब करतो. वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, कोर्ट इंग्रजीत. मराठी गणपतीत आणि लग्नात. माझे काका जाखडी (आम्ही झाकरी म्हणतो) म्हणायचे, तेव्हा त्यांच्या खिशात एक घडी पडून मऊ झालेला कागद असे. त्यावर गाणं रोमन अक्षरांत, स्पेलिंग फ्रेंच पद्धतीचं. अर्ध्या शब्दांचा अर्थ त्यांनाही येत नव्हता, पण ताल कधी चुकला नाही. शाळेत मराठी आहे. मात्र २०१२ पासून क्रिओलही त्याच तासाला आहे, मूल एकच निवडतं. आईबाप काय निवडतात यावर आमच्याकडे घराघरात वाद.

आमच्या कास्कावेल गावात १८९६ पासून गणपती बसतो, असं आमच्याकडेही सांगतात. टिळकांशी त्याचा संबंध मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. माझे पूर्वज त्याच्या कितीतरी आधी, मुंबईहून जहाजात बसून, करारावर ऊस तोडायला आले. मोकाला नोंदवह्या आहेत. नंबर, उंची, गाव, पुढे फोटोसुद्धा. कारकुनाने माणसाचं नुसतं नाव लिहिलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. म्हणून आमचं आडनाव म्हणजे खापरपणजोबांचं पाळण्यातलं नाव. तुम्ही मला पहिल्यांदा भेटल्यावर 'हे कुठलं आडनाव?' म्हणून हसला होतात, आठवतं?

आता सरकार. २० मतदारसंघांतून तीन-तीन आणि रॉद्रीग बेटावरून दोन, असे ६२ आमदार निवडून येतात. त्यावर जास्तीत जास्त आठ जागा पडलेल्या उमेदवारांना, समाजांचा तोल राहावा म्हणून. संविधानात समाज चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'राहणीवरून' या तिघांत न बसणारे सगळे, म्हणजे जनरल पॉप्युलेशन. मराठी, तमिळ, तेलुगू हिंदूंच्याच रकान्यात. आणि तोल मोजायचा १९७२ च्या जनगणनेवरून, कारण नंतर तो प्रश्नच विचारणं बंद झालं. कागदावर मराठी हा रकाना नाही, पण तिकीट वाटताना प्रत्येक मोठ्या पक्षाला मराठी मतं अचूक आठवतात. तुम्ही किती मराठी मंत्री झाले ते मोजाल, आम्ही ते गणित लहानपणापासून ऐकून कंटाळलो. हेही लिहा की १९६८ पासून पंतप्रधान झालेल्या पाचांपैकी चार दोन घराण्यांतले, रामगुलाम बापलेक आणि जगन्नाथ बापलेक. पाचवे पॉल बेराँजे, फ्रेंच वंशाचे, दोनच वर्षं. लोक मात्र चिडले की साफ करतात. १९८२, १९९५ आणि २०२४, तीनदा मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांना.

एबेनवाल्या भाऊंनी लिहिलेल्या त्या बायकांत माझी आई होती, स्वेटरच्या कारखान्यात. बाबा उसात. १९७५ ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १९७७ ला माध्यमिक शिक्षण फुकट झालं. त्यामुळे माझ्या मागच्या बहिणीसुद्धा शिकल्या, नाहीतर त्यांची पाळी आली नसती. साठीनंतर सरसकट सर्वांना पेन्शन, श्रीमंत-गरीब न बघता. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते वय हळूहळू ६५ वर न्यायचं ठरलं तेव्हा माझा धाकटा भाऊ फोनवर तासभर ओरडत होता. त्याच कारखान्यांत आता बांगलादेशी मुलं-मुली राबतात. आमच्यात तेवढी मुलं जन्माला येत नाहीत. मीडसाहेबांना हे बघायला हवं होतं.

आणि 'कुणाशी भांडण नसलेलं शांत बेट' ही ओळ काढा. स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ ला, ब्रिटनने चागोस बेटं आमच्यापासून तोडली आणि पुढे तिथली माणसं उचलून पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणून सोडली, अमेरिकेच्या तळासाठी. मे २०२५ मध्ये बेटं मॉरिशसला परत द्यायच्या करारावर दोन्ही सरकारांच्या सह्या झाल्या, तरी आम्हाला कुणी विचारलंच नाही अशी कित्येक चागोसवाल्यांची तक्रार आहे. इंग्लंडातल्या क्रॉली गावच्या आपल्या सभासदांना ती माणसं शेजारी भेटतील.

वाक्वाची ताई

---

ताई, आडनावाचं आठवतं. चुकलंच माझं.

मथळा काढला. 'काकांच्या खिशातला कागद' असं ठेवलं तर चालेल? तो कागद अजून कुणाकडे असेल तर फोटो मिळेल का? एबेनवाल्याच्या दोन ओळी घेतो. चिपाड घेतो.

नाना

---

कागद वहिनीच्या देवघरात आहे. फोटो मागवते, पण त्यांच्याकडे रात्र झाली आहे. मथळ्यात कागद चालेल, काकांचं नाव नको.

गणपतीच्या दिवशी डाल पुरी मी करून आणते. ती जोडीनेच द्यायची असते, आत घेवड्याची भाजी आणि साटिनी म्हणजे चटणी. एक-एक वाटायला कुणी लागलं तर मी परत घेईन.

वाक्वाची ताई

---

ताई, मग माणशी दोन. १४० जणांची नोंद झालीय, म्हणजे २८०. लाटायला कोण कोण येणार ते याच मेलला उत्तर देऊन सांगा. फाइल सोमवारऐवजी मंगळवारी देतो, छापखान्याशी बोललोय.

चिटणीस