सिझर आणि अँटिबायोटिक झालेल्या बाळाला प्रोबायोटिक ड्रॉप्स द्यावेत का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमची लेक सव्वा महिन्याची झाली. बायको पंचवटीत माहेरी आहे, मी सिडकोतून जाऊन-येऊन असतो. सिझर झालं, संसर्गाच्या शंकेने बाळाला जन्मल्या जन्मल्या अँटिबायोटिक द्यावं लागलं आणि आईला दूध येईपर्यंत पावडरचं दूध पाजलं. आता ती फक्त अंगावर पिते, वजनही छान वाढतंय. तरी तिच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंची काळजी मनातून जात नाही.

नॉर्मल डिलिव्हरीत आईकडून मिळणारे बॅक्टेरॉइड्स जिवाणू सिझरच्या बाळांत बरेच कमी सापडतात, असं वाचलं. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या खातात बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे पोटातले चांगले जिवाणू. हे वाचून थक्क झालो. पुढे दमा, ॲलर्जीशी जिवाणूंच्या या कमतरतेचा संबंध दिसतो म्हणतात, पण तेच कारण असं सिद्ध झालेलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंचे, ड्रॉप्स लिहून दिलेत, 'हवे तर द्या' म्हणाले. ओडिशाच्या खेड्यांतला २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मोठा आहे: साडेचार हजारांवर नवजात बाळं, आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू दिला, आणि जंतुसंसर्ग व मृत्यू मिळून ४० टक्के कमी. पण ती बाळं निरोगी होती आणि औषध पहिल्याच आठवड्यात सुरू केलं होतं. आमच्या बाटलीवर जिवाणूचं नाव वेगळंच आहे. मग तो फायदा हिला कसा लागू होईल?

दुसरं, बाळगुटी. सासूबाई सहाण घेऊन बसतात, वेखंड-हळकुंडाचे दोन-दोन वेढे उगाळतात आणि वर मधाचं बोट. मधाला मी ठाम नाही म्हटलंय. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात जिवाणूंची दाट वस्ती असल्याने ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळात रुजू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध नकोच. सासूबाईंनी ते मानलं, पण गुटी मात्र सोडवत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हे त्यांना न दुखावता कसं सांगावं?

सिझर आणि अँटिबायोटिकनंतर ड्रॉप्स दिलेल्या किंवा न दिलेल्या पालकांनी, आणि इथे कोणी बालरोगतज्ज्ञ असतील तर त्यांनी, जरूर लिहावं. पंचवटीत घरी येणाऱ्या स्तनपान सल्लागार कोणाला माहीत असतील तर तेही कळवा. रात्री बाळ नीट धरत नाही, बायको फार दमते.