फोनचा चेहरा कुणाच्या मालकीचा? सारख्या डिझाइनचे खटले आणि 'संपूर्ण नफ्या'ची शिक्षा

तिरकी रेघ (धागाकर्ता)

ॲपलने १५ एप्रिल २०११ ला कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात सॅमसंगवर नकलेचा दावा लावला. जून २०१८ मध्ये दोघांनी तडजोड केली. माझं मत आधीच सांगतो: वस्तूच्या दिसण्यावर हक्क असावा, पण तो अरुंद असावा. समोरचा चेहरा सारखा निघाला म्हणून अख्ख्या फोनचा नफा काढून द्यायला लावणं चूक आहे, आणि आपल्याकडेही तसाच कायदा हवा असं म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे.

वाद कशावर होता ते बघा. तीन डिझाइन पेटंटं, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरचे हक्क, होती. डी-६७७ म्हणजे गोल कोपऱ्यांचा काळा आयताकृती दर्शनी भाग. डी-०८७ म्हणजे तसाच दर्शनी भाग, पण भोवती उंच कडा. डी-३०५ म्हणजे काळ्या पडद्यावर १६ रंगीत आयकॉनची जाळी. तिन्हींत फोनची मागची बाजू नाही, अँटेना नाही, बॅटरी नाही, कॅमेरा नाही. तरी ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने एकूण जवळपास १०५ कोटी डॉलर भरायला सांगितले. पुढे बरीच काटछाट झाली. त्यातले ३९.९ कोटी फक्त या तीन डिझाइनचे होते, आणि तो आकडा सॅमसंगच्या त्या मॉडेलांचा पूर्ण नफा धरून आला होता.

गोल कोपरा हा काही कुणाचा शोध नव्हे. फोन कोपऱ्यावर पडला की काटकोनात ताण एकवटतो आणि काच तिथूनच तडकते. साच्यातही टोकदार कोपऱ्यात प्लास्टिक नीट भरत नाही, थंड होताना तिथे ताण राहतो. मधला आयत पडद्याच्या मॉड्यूलने ठरवलेला, वर स्पीकरची फट कानाजवळ यायलाच हवी. मग डिझाइनरच्या हातात उरतं काय?

साचेकाम

तीव्र असहमत. बरंच काही उरतं.

कोपऱ्याला गोलाई लागते हे खरं, पण ती ५ मिमी ठेवायची की १२ मिमी हे पडण्याच्या चाचणीवर ठरत नाही, दोन्ही पास होतात. काच कडेपर्यंत सपाट न्यायची की खाचेत बसवायची, भोवतीची कडा चमकदार धातूची की अंगच्याच रंगाची, पडद्याच्या वर-खाली किती काळी जागा सोडायची, डावी-उजवी पट्टी किती बारीक, फट लांबट की ठिपक्यांची, हे सगळे मोकळे निर्णय आहेत. यातल्या एकेकावर कुणी मालकी सांगत नाही. हक्क असतो तो सगळ्यांच्या एकत्रित मांडणीवर. 'गोल कोपऱ्याचं पेटंट' हे वर्णन वर्तमानपत्री आहे. पेटंटमध्ये चित्र असतं, आणि त्या चित्रातल्या सलग रेषा सगळ्या मिळून जुळाव्या लागतात.

दुसरं म्हणजे, ज्युरीसमोर सॅमसंगचाच मार्च २०१० चा १३२ पानांचा अंतर्गत अहवाल आला होता. एका बाजूला आयफोन, दुसऱ्या बाजूला गॅलेक्सी एस, आणि खाली काय सुधारायचं याची सूचना. एकेक पडदा, एकेक आयकॉन. अभियांत्रिकीने तोच आकार भाग पाडला असता तर असा अहवाल करावा लागला नसता.

अपील_खारीज

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली: संपूर्ण नफ्याची तरतूद आली कुठून. १८८० च्या दशकात अमेरिकेत गालिच्यांच्या नक्षीच्या नकलेचे खटले झाले. नक्कल सिद्ध झाली, पण नफ्यातला नेमका किती वाटा नक्षीमुळे आला हे दाखवता येईना, म्हणून सुप्रीम कोर्टाने नाममात्र ६ सेंट भरपाई ठरवली. त्यावर तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसने, १८८७ मध्ये कायदा केला: नकलकाराने संपूर्ण नफा द्यायचा, आणि तो कितीही कमी असला तरी किमान २५० डॉलर. आजच्या अमेरिकी पेटंट कायद्याचं कलम २८९ तेच आहे. गालिच्याच्या बाबतीत ते पटतं, कारण गिऱ्हाईक गालिचा नक्षी बघूनच घेतं.

६ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ८-० ने सांगितलं की ज्या 'उत्पादित वस्तू'ला डिझाइन लावलंय ती म्हणजे दुकानात विकली जाणारी पूर्ण वस्तूच असावी असं नाही, तिचा एखादा भागही असू शकतो. पण तो भाग ओळखायचा कसा, हे सांगितलं नाही. खालच्या कोर्टात न्यायाधीश ल्युसी को यांनी चार निकष धरले: पेटंटच्या चित्रात दावा कशावर आहे, पूर्ण वस्तूत ते डिझाइन किती ठळक आहे, डिझाइन उरलेल्या वस्तूहून कल्पनेत वेगळं काढता येतं का, आणि तो भाग प्रत्यक्ष सुटा होतो का, वेगळा विकला जातो का.

धागाकर्त्यांना वाटेल की आता रक्कम घटली असेल. मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीपुढे सॅमसंगने २.८ कोटी डॉलर योग्य म्हटले, ॲपलने सुमारे १०० कोटी मागितले. ज्युरीने डिझाइनसाठी ५३.३३ कोटी दिले! निकष बदलून रक्कम आधीपेक्षा वाढली. म्हणून माझं म्हणणं असं की 'भागापुरता नफा' हा उपाय कागदावर छान आहे, पण ज्युरीपुढे फोनची काच आणि फोन वेगळे करून दाखवता येत नाहीत.

तिरकी रेघ

म्हणजे माझाच मुद्दा पक्का झाला. निकाल सांगता येत नाही, म्हणून छोटा उत्पादक खटला लढण्याऐवजी पैसे मोजून मोकळा होतो.

अपील_खारीज

नाही, कारण उलटी उदाहरणंही आहेत. याच खटल्यात ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायाधीशांनी आयपॅड आणि गॅलेक्सी टॅब १०.१ दोन्ही हातांत उचलून धरले आणि सॅमसंगच्या वकिलांना विचारलं, तुमचा कोणता? सुमारे दहा फुटांवरून त्यांना तो लगेच ओळखता आला नाही. लोकांना वाटलं, संपलं. पण २०१२ च्या ज्युरीने टॅब्लेटचं डिझाइन उल्लंघलं नाही असंच ठरवलं, आणि त्या टॅबवर लावलेली मनाई उठली.

दहा फुटांवरून सारखं दिसणं ही कसोटीच नाही. २००८ च्या इजिप्शियन गॉडेस खटल्यापासून अमेरिकेत तीन गोष्टी शेजारी ठेवतात: नोंदलेलं चित्र, आरोप असलेली वस्तू, आणि त्याआधीच्या सगळ्यात जवळच्या जुन्या वस्तू. आधीच गर्दी असेल तर बारीक फरकही मोठा ठरतो. मैदान मोकळं असेल तर मोठा फरक दाखवूनही सुटका होत नाही. ज्याला बचाव करायचाय त्याने पहिला आठवडा फरक मोजण्यात घालवू नये, जुन्या वस्तू शोधण्यात घालवावा. जुने कॅटलॉग, व्यापारी प्रदर्शनांचे फोटो, परदेशी नोंदणी कार्यालयांचे संग्रह, सगळं तारखेसकट.

आणि रक्कम नेहमी प्रचंड असते असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेलावेअरच्या ज्युरीने मासिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीच्या घड्याळाची आणि चार्जरची जुनी आवृत्ती ॲपलचं डिझाइन उल्लंघते असं ठरवलं. भरपाई २५० डॉलर. १८८७ चाच किमान आकडा. ॲपलला पैसे नकोच होते, मनाईहुकूम हवा होता. पण चालू आवृत्तीत उल्लंघन नाही असं ज्युरीने म्हटल्यामुळे तोही मिळाला नाही.

कच्चा_आराखडा

युरोपातला निकाल धाग्यात यायला हवा, कारण आपली पद्धत अमेरिकेपेक्षा त्याच्या जवळ आहे. तिथे नजर 'जाणकार वापरकर्त्या'ची धरतात. जुलै २०१२ मध्ये लंडनला न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी नोंदलेलं टॅब्लेटचं डिझाइन आणि गॅलेक्सी टॅब चहूबाजूंनी तपासले. समोरून दोन्ही सपाट काच आणि बारीक किनार, पण पडद्याच्या वस्तूत समोर फारसं स्वातंत्र्यच नसतं म्हणून त्या सारखेपणाला वजन कमी. फरक दिसला तो जाडीत आणि पाठीवर. सॅमसंगचा पातळ, पाठीवर वेगळे तपशील. निकालात त्यांनी लिहिलं की सॅमसंगचे टॅब 'तितके कूल नाहीत'. सॅमसंग जिंकलं. ऑक्टोबरमध्ये अपिलातही तेच टिकलं, आणि उल्लंघन झालेलं नाही अशी जाहीर सूचना ॲपललाच छापावी लागली.

जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला, त्याच टॅब १०.१ वर ऑगस्ट २०११ मध्ये मनाई आली होती. सॅमसंगने दर्शनी भाग बदलून १०.१एन नावाने तो पुन्हा बाजारात आणला. साचेकाम म्हणतात ते मोकळे निर्णय खरंच मोकळे असतात याचा याहून चांगला पुरावा नाही: आतली पाटी तीच ठेवून चेहरा बदलता आला.

सुटा_भाग

आता इथलं बोलू. डिझाइन कायदा २०००. धागाकर्त्यांना ज्या शिक्षेची भीती वाटते ती आपल्याकडे नाहीच. कलम २२ प्रमाणे एका उल्लंघनाला जास्तीत जास्त २५,००० रुपये, आणि एका डिझाइनमागे सगळे मिळून ५०,०००. किंवा हे सोडून नुकसानभरपाई आणि मनाईचा दावा. दोन्ही एकदम नाही.

नोंदणी स्वस्त आहे. अर्ज कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयाकडे, ऑनलाइनही होतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला शुल्क १,००० रुपये, इतरांना ४,०००. वस्तूंच्या वर्गवारीत फोन १४-०३ वर्गात, हेडफोन-स्पीकर १४-०१ मध्ये. हक्क १० वर्षांचा, वाढवला तर आणखी ५.

अर्ज अडकतो तो चित्रांवर. सात चित्रं द्यावीत: तिरक्या कोनातून एक, पुढून, मागून, वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. तिरक्या चित्रात चार्जिंगचं छिद्र मधोमध आणि खालच्या चित्रात ते २ मिमी सरकलेलं, एवढ्यावर आक्षेप येतो. फोटोत कंपनीचा लोगो राहिला, मापांच्या रेषा राहिल्या, सावली पडली, तरी येतो. अर्जाच्या तारखेपासून ६ महिन्यांत आक्षेप दूर करायचे, मुदतवाढ मागितली तर आणखी ३.

सगळ्यात महाग चूक म्हणजे आधी जाहिरात आणि मग अर्ज. लाँचचा व्हिडिओ टाकला, क्राउडफंडिंगचं पान उघडलं, की डिझाइन प्रसिद्ध झालं. कलम २१ ची सवलत फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, तीही आधी सूचना देऊन आणि ६ महिन्यांत अर्ज करून. आणि माल विकताना त्यावर 'आरडी' आणि नोंदणी क्रमांक छापा. कलम १५ प्रमाणे ते नसलं तर भरपाई अडते. अशा वेळी छापण्याची योग्य ती तजवीज केली होती, किंवा समोरच्याला नोंदणीची माहिती होती, हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

तिरकी रेघ

@सुटा_भाग, तपशिलाबद्दल आभार, पण याच स्वस्त नोंदणीचा उलटा वापर होतो त्याचं काय? चीनमधल्या शेन्झेनच्या पुरवठादाराकडे ब्लूटूथ स्पीकरचा 'पब्लिक मोल्ड' असतो, म्हणजे कुणालाही विकत मिळणारा तयार साचा. इथले चार ब्रँड तोच माल आणतात आणि फक्त लोगो बदलतात. त्यातला एक जण तोच आकार आपल्या नावावर नोंदवतो. मग प्रमाणपत्र दाखवून बाकी तिघांची ऑनलाइन विक्री थांबवायची तक्रार करतो. परीक्षकाला तो कॅटलॉग सापडला नाही, एवढ्यावर हक्क उभा राहतो. तिघांचा दिवाळीचा हंगाम बुडतो.

सुटा_भाग

हे होतं, आणि ते वाईटच आहे. पण औषध त्याच कायद्यात आहे. कलम १९ खाली नोंदणी रद्द करण्याचा अर्ज कोलकात्यात करता येतो. दावा लागलाच तर कलम २२(३) प्रमाणे रद्द होण्याचं प्रत्येक कारण बचाव म्हणून मांडता येतं, आणि तसा बचाव घेतला की खटला उच्च न्यायालयाकडे जातो. आयातदाराने माल मागवतानाच पुरवठादाराकडून तीन कागद घ्यावेत: साचा पहिल्यांदा कधी विक्रीला आला त्याचा तारखेचा कॅटलॉग, आधीच्या दुसऱ्या ग्राहकाचं बिल, आणि साचा कुणालाच एकट्याला दिलेला नाही असं लेखी पत्र. वाद झाल्यावर हे कागद कुणी देत नाही.

साचेकाम

रद्द होईपर्यंत हंगाम गेलेला असतो, हे मात्र धागाकर्त्यांचं खरं आहे. तेच प्रामाणिक मालकालाही लागू पडतं. फोनचं मॉडेल वर्षभर विकलं जातं आणि खटला त्याहून जास्त चालतो. अशात ५०,००० ची मर्यादा म्हणजे नक्कल करणाऱ्याच्या खर्चात धरलेली एक ओळ. एका कव्हरच्या साच्याला त्याहून कितीतरी जास्त पैसे पडतात. मर्यादा काढा. संपूर्ण नफा नको असेल तर निदान ज्या भागाची नक्कल झाली त्या भागाचा नफा द्या.

तिरकी रेघ

भागाचा म्हणता, पण कुठल्या भागाचा? आपल्या कायद्यात वस्तूचा भाग म्हणजे जो वेगळा बनवून वेगळा विकता येतो तोच. फोनचं मागचं झाकण दुरुस्तीच्या दुकानात सुटं मिळतं, त्यामुळे त्याचं डिझाइन नोंदता येईल. कॅमेऱ्याभोवतीचा उंचवटा त्याच झाकणात ओतलेला असतो, सुटा मिळत नाही. सगळी ओळख त्या उंचवट्यात असली तरी तेवढ्याचीच नोंदणी होत नाही. मग भागाचा नफा मोजताना अख्खं झाकण धरणार? तसं असेल तर चार चौरस सेंटिमीटरच्या नकलेसाठी पूर्ण झाकणाचा नफा जाईल, आणि हे अमेरिकेतल्या गोंधळाचंच छोटं रूप झालं.

साचेकाम

धरा अख्खं झाकण. ते सुटं विकलं जातं म्हणजे त्याचा भाव आहे, बिलं आहेत, किती बनले त्याची नोंद आहे. नफा मोजायला आणखी काय लागतं? फोनची काच अशी वेगळी काढून दाखवता आली नाही म्हणून तिकडची ज्युरी अडली असं वर लिहिलंय. झाकणाचं तसं होत नाही.

कच्चा_आराखडा

झाकणाचं ठीक, पण पडद्यावरच्या मांडणीचं काय? डी-३०५ सारखी आयकॉनची जाळी इथे बराच काळ नोंदली जात नव्हती, कारण फोन बंद केला की ती दिसत नाही, वगैरे. मार्च २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने यूएसटी ग्लोबल या कंपनीच्या प्रकरणात असा सरसकट नकार चुकीचा ठरवला आणि अर्ज फेरविचारासाठी परत पाठवला. ती दारं उघडली तर त्या जाळीचा 'भाग' कुठला धरायचा, पडदा की फोन? पडद्याचं मॉड्यूल सुटं मिळतं, पण जाळी त्यात नसते, ती सॉफ्टवेअरमधून येते. साचेकाम, तुमची बिलं इथे चालणार नाहीत.